मोडकी किटली कंपनीला परत पाठवायची का?

प्रश्न: दोन महिन्यांपूर्वी माझी ६८ वर्षांची आई विजेच्या किटलीतलं उकळतं पाणी ओतत होती. अचानक हँडल निखळलं आणि सगळं पाणी तिच्या मांडीवर आणि पायावर सांडलं. रुग्णालयात राहावं लागलं, एका ठिकाणी त्वचारोपणही झालं. किटली मावसभावानं ऑनलाइन मागवून तिला भेट दिली होती, त्यामुळे बिल त्याच्या नावावर आहे. वॉरंटी नुकतीच संपली होती. कंपनीला मेल केला, तर त्यांनी नवी किटली आणि उपचाराच्या खर्चाचा थोडा भाग देऊ केला. त्यासाठी जुनी किटली कुरिअरनं परत पाठवायची आणि एका फॉर्मवर सही करायची. आई म्हणते, ‘मीच काठोकाठ भरली होती, चूक माझीच. विषय मिटवा.’ भाऊ म्हणतो, कोर्टकचेऱ्या कोण करत बसणार? मला मात्र हे मिटवणं पटत नाही. आम्हाला काही हक्क आहे का?
– आईची लेक

ताई,

दोन गोष्टी आजच्या आज पक्क्या करा. ती किटली कंपनीला पाठवू नका, आणि त्या फॉर्मवर कुणीही सही करू नका. आईनं नाही, मावसभावानंही नाही. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुमच्या पत्रातली कुरिअरची ओळ वाचून मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. कंपनीच्या मनात काही वाईटच आहे असं मी म्हणत नाही. मोडलेली वस्तू तपासणीसाठी मागवायची अनेक कंपन्यांची पद्धतच असते. पण किटली एकदा घरातून गेली की तिची कोणती तपासणी झाली, कोणता तुकडा कापला, अहवालात काय लिहिलं, शेवटी ती भंगारात गेली का, यातलं काहीच तुमच्या हातात राहत नाही. अशा दाव्यात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: वस्तूत दोष होता, वस्तू बाजारात आली तेव्हापासूनच तो होता, आणि त्या दोषामुळेच इजा झाली. यातल्या पहिल्या दोन गोष्टींबद्दल खात्रीनं बोलू शकेल अशी साक्षीदार तुमच्याकडे एकच आहे, ती किटली. वस्तूच हाताशी राहिली नाही म्हणून चांगले दावे कोसळतात. तुमच्याकडून ती हरवली किंवा फेकली गेली, तर न्यायालय त्यावरून तुमच्याविरुद्ध अनुमानही काढू शकतं.

म्हणून किटली आहे तशी ठेवा. धुऊ नका, पुसू नका, आतला क्षारांचा थर खरवडू नका. अजून चालते का, हे पाहायला प्लग लावू नका. आणि निखळलेलं हँडल पुन्हा जागेवर बसवून पाहायचा मोह काहीही करून टाळा. ‘इथून तुटलं बघा’ असं दाखवताना हे हमखास होतं. तुटलेल्या दोन कडा एकमेकींवर घासल्या की त्यांवरच्या बारीक खुणा जातात, आणि तज्ज्ञाला नेमक्या त्याच पाहायच्या असतात. हँडल स्क्रूच्या भोवती तुटलं असेल तर ती कड सूक्ष्मदर्शकाखाली बरंच काही सांगते. एका दणक्यात तुटलेली कड वेगळी दिसते, आणि रोजच्या वजनानं थोडी थोडी वाढत गेलेली चीर वेगळी. सावकाश वाढलेल्या चिरेत बऱ्याचदा एकापाठोपाठ एक बारीक रेषा उमटलेल्या सापडतात. साच्यात घडताना प्लास्टिकच्या आत पोकळी राहून गेली असेल तर ती तिथंच दिसते. चिरेच्या खोलवर क्षार किंवा मळ साचलेला असेल तर चीर त्या दिवसाच्या आधीपासून होती असं म्हणायला आधार मिळतो. आईनं किटली कशी धरली होती यावर उद्या कितीही वाद होवो, त्या कडेवर जे उमटलंय ते बदलत नाही.

आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवून तुटलेल्या जागेचे जवळून काढा, आणि तळाच्या लेबलवरचा मॉडेल व बॅच क्रमांक नीट वाचता येईल असेही. मग किटली आणि हँडल कोरडे असताना वेगवेगळ्या खोक्यांत ठेवा, तुटलेल्या बाजूला काही टेकणार नाही असे. स्क्रू किंवा प्लास्टिकचा एखादा कपचा सापडला असेल तर तोही ठेवा. किटलीचं मूळ खोकं, माहितीपुस्तिका, मावसभावाच्या ऑर्डरचा मेल, आईचे त्या दिवशीचे कपडे, यातलं जे काही हाताशी असेल ते जपा. खोकी कुणाकडे आहेत, कधी कुणी उघडली, याची नोंद एका कागदावर ठेवा. कंपनीला किटली तपासू द्यायची नाही असा याचा अर्थ नाही. तपासू द्या, पण तुमचा तज्ज्ञ समोर असताना, काय करणार हे आधी लेखी ठरवून, आणि आधी वस्तूला धक्का न लावता होणाऱ्या तपासण्या. कापाकापी शेवटी, तीही दोन्ही बाजूंच्या संमतीनं.

आता तुमच्या शंका. बिल मावसभावाच्या नावावर आहे म्हणून घाबरू नका. वस्तूंच्या कायद्याचा इतिहासच अशा लोकांनी घडवलाय ज्यांनी ती वस्तू स्वतः विकत घेतली नव्हती. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या पेझली गावात मे डोनोह्यू यांना मैत्रिणीनं जिंजर बिअरची बाटली घेऊन दिली. बाटली अपारदर्शक होती. थोडी पिऊन झाल्यावर उरलेली ओतताना आतून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, असं त्यांचं म्हणणं होतं. पैसे मैत्रिणीनं दिले होते, त्यामुळे डोनोह्यूबाईंचा विकणाऱ्याशीही करार नव्हता, मग बनवणाऱ्याशी कुठला असणार! तरीही १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं, तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की वस्तू शेवटी जो वापरणार त्याची काळजी घेणं हे उत्पादकाचं कर्तव्य आहे.

अमेरिकेतली गोष्ट तर तुमच्या आईच्या आणखी जवळची आहे, कारण तिथं वस्तू चक्क भेट मिळालेली होती. ग्रीनमन नावाच्या गृहस्थांना बायकोनं लाकूडकामाचं एक यंत्र भेट दिलं. काम करताना लाकडाचा ठोकळा यंत्रातून उडाला आणि त्यांच्या कपाळावर आदळला. यंत्राचे भाग घट्ट धरून ठेवणारे स्क्रू पुरेसे नव्हते, असं तज्ज्ञांनी सांगितलं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६३ मध्ये दिलेल्या निकालात महत्त्वाची गोष्ट मान्य केली: सदोष वस्तू बाजारात आणली आणि तिच्यामुळे माणसाला इजा झाली, तर उत्पादक जबाबदार आहे. त्यानं निष्काळजीपणा केला हे जखमी माणसानं सिद्ध करत बसायची गरज नाही. पुढे हेच तत्त्व जगभर पसरलं. युरोपात १९८५ च्या निर्देशानं, ब्रिटनमध्ये १९८७ च्या कायद्यानं, जपानमध्ये १९९४ च्या कायद्यानं. भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात यासाठी स्वतंत्र प्रकरणच आहे, आणि खरेदीदाराच्या संमतीनं वस्तू वापरणाराही तिथं ग्राहकच मानला जातो.

वॉरंटी संपली, हे उत्तर कंपनीकडून येईलच, आलं नसेल तर. त्यावर गप्प बसू नका. वॉरंटी म्हणजे अमुक काळात बिघडली तर दुरुस्त करून देऊ किंवा बदलून देऊ, हे वस्तूबद्दलचं वचन. तुमचा दावा किटली बिघडल्याचा नाहीच, तो आईच्या भाजलेल्या पायाचा आहे. इजेच्या दाव्याची मुदत वेगळी असते आणि ती वॉरंटीच्या कार्डावर छापलेली नसते.

आता आईचं म्हणणं. तिच्या ‘चूक माझीच’ला मी सगळ्यात जास्त जागा देतेय, कारण असे दावे बहुतेक वेळा कंपनीच्या वकिलांमुळे नाही, या एका वाक्यामुळेच सुरू व्हायच्या आत संपतात.

तिनं किटली काठोकाठ भरली होती हे लपवू नका. वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. पण त्यातून काय निघतं ते पाहा. किटली बनवणाऱ्याला ठाऊक असतं की लोक घाईत असतात, खुणेच्या थोडं वर भरतात, कधी ओल्या हातानं उचलतात. वस्तूचा असा वापर आधीच अंदाज करता येण्यासारखा असेल तर तो गृहीत धरूनच वस्तू घडवायची, ही अपेक्षा बहुतेक देशांच्या कायद्यात आहे. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यानंही मोठ्या माणसाची त्वचा पाचेक सेकंदांत खोलवर भाजू शकते. किटलीत तर उकळतं पाणी असतं. एवढं धोकादायक काही हातात देणाऱ्या वस्तूचं हँडल थोड्या जास्तीच्या पाण्यानं निखळत असेल, तर प्रश्न आधी हँडलला विचारायचा, आईला नंतर.

आणि समजा न्यायालयाला वाटलं की थोडी चूक तिचीही आहे, तरी सगळा दावा बुडतो असं नाही. बऱ्याच ठिकाणी तेवढ्या प्रमाणात भरपाई कमी होते, इतकंच. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात १९९२ साली ७९ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीवर मॅकडोनाल्ड्सची कॉफी सांडली. हा खटला जगभर चेष्टेचा विषय झाला, ‘कॉफी गरम होती म्हणून कोट्यधीश झाली’ वगैरे. तुमच्या भावाच्या कानावरही तो आला असेल. खरी हकिगत अशी: त्या बाईंना तिसऱ्या दर्जाचं, म्हणजे त्वचेच्या सगळ्या थरांपर्यंत खोल भाजलं होतं आणि त्वचारोपण करावं लागलं. कॉफी साधारण ८२ ते ८८ अंशांवर दिली जात होती आणि त्याआधी भाजल्याच्या सातशेहून अधिक तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या. ज्यूरीनं १९९४ मध्ये २० टक्के चूक त्या बाईंची आणि ८० टक्के कंपनीची धरली. इजेची भरपाई दोन लाख डॉलर ठरली होती, ती त्या प्रमाणात १ लाख ६० हजारांवर आली. कंपनीला दंड म्हणून ठरलेली मोठी रक्कम वेगळी होती. ती न्यायाधीशांनी बरीच कमी केली आणि शेवटी प्रकरण आपसात मिटलं. आईला हे वाचून दाखवा. कप त्या बाईंच्याच हातून सांडला होता, तरी बहुतेक चूक कंपनीची ठरली. आईच्या बाबतीत तर हँडल तुटलंय.

एवढं मात्र सांभाळा की कंपनीला यापुढे ‘आईनं जास्त भरली होती, पण…’ अशी वाक्यं मेलवर लिहू नका. खोटं बोलायचं नाहीच. पण अर्धवट कबुल्याही वाटायच्या नाहीत.

दोष नेमका कोणता, हे तज्ज्ञ ठरवेल. ढोबळ मानानं तीन प्रकार असतात. घडवताना एखादा नग चुकला, मुळात आराखडाच चुकीचा, किंवा धोक्याची सूचना दिली नाही अथवा अपुरी दिली. हँडल निखळण्यात पहिला किंवा दुसरा असण्याची शक्यता जास्त. तो ओळखण्यासाठी त्याच मॉडेलची दुसरी किटली शेजारी ठेवून पाहतात. ती धड असेल तर तुमचा नग चुकीचा होता, तिथंही तीच कमजोरी असेल तर आराखडा. किटलीवर प्रमाणचिन्ह आहे म्हणून ती निर्दोष, असं कंपनी म्हणेल. विजेवर पाणी तापवणाऱ्या उपकरणांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहेच, आयईसी ६०३३५ मालिकेतला भाग २-१५. पण मानक पाळलं म्हणजे जबाबदारी आपोआप संपली असं न्यायालयं सहसा मानत नाहीत.

फॉर्मकडे वळते. त्यात कुठेतरी ‘पूर्ण आणि अंतिम’ असे शब्द असतील, किंवा यापुढे कोणताही दावा करणार नाही, अशी ओळ. भाजल्याच्या जखमेत अशी सही इतक्या लवकर करणं फार महागात पडू शकतं. भाजल्याचा व्रण पक्का व्हायला वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. त्वचा आखडते, सांध्याजवळ असेल तर पाय पूर्ण सरळ होत नाही, कधी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. दोन महिन्यांत यातलं काय होणार हे डॉक्टरही खात्रीनं सांगू शकत नाहीत. मग त्याची किंमत आज ठरवायची कशी? डॉक्टरांकडून पुढच्या उपचाराबद्दल लेखी मत येईपर्यंत कोणत्याही अंतिम रकमेला हो म्हणू नका. डॉक्टरांच्या कागदांत ‘किटलीचं हँडल तुटून उकळतं पाणी सांडलं’ हे कारण लिहिलंय का तेही पाहा. नुसतं ‘भाजल्यामुळे दाखल’ असेल तर तुमचं म्हणणं तारखेसह नोंदवून घ्यायची विनंती करा. जखमेचे फोटो दर आठवड्याला काढत राहा. मागणी फक्त रुग्णालयाच्या बिलांची नसते. पुढचे उपचार, बुडालेलं उत्पन्न, आईची शुश्रूषा करायला घरातल्या कुणाला काम सोडावं लागलं असेल तर ते, आणि वेदना व मनस्ताप, हे सगळं बहुतेक ठिकाणी मागता येतं. किटलीची स्वतःची किंमत बऱ्याच कायद्यांत या दाव्याबाहेर ठेवलेली असते. त्यामुळे नव्या किटलीच्या देण्याला भुलायचं कारणच नाही.

दावा कुणावर? मुख्य म्हणजे उत्पादकावर. तो परदेशात असेल तर युरोपात आयात करणाराही जबाबदार धरला जातो. भारतात उत्पादक कोण हे कळत नसेल, किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर विकणाऱ्याला धरता येतं. ऑनलाइन मंचांचा प्रश्न अजून सगळीकडे सुटलेला नाही. पण २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयानं लॅपटॉपची बॅटरी फुटून भाजलेल्या एका बाईंच्या बाजूनं निकाल देताना म्हटलं की बॅटरी दुसऱ्या विक्रेत्याची असली तरी ॲमेझॉनला जबाबदार धरता येतं. म्हणून मावसभावाला सांगा की त्या ऑर्डरचं पान, विक्रेत्याचं नाव आणि पावती आताच उतरवून ठेव. विक्रेत्यांची पानं मंचावरून गायब होतात.

मुदतीबाबत मात्र हयगय नको. तुम्ही कोणत्या देशातून लिहिताय हे पत्रात नाही, म्हणून काही ठिकाणचे नियम देते. भारतात ग्राहक आयोगाकडे तक्रारीसाठी दोन वर्षं. ब्रिटन आणि युरोपीय संघात इजा, दोष आणि उत्पादक कळल्यापासून तीन वर्षं, आणि वस्तू बाजारात आल्यापासून साधारणपणे दहा वर्षांची शेवटची मर्यादा. जपानमध्ये शारीरिक इजेसाठी पाच वर्षं. अमेरिकेत राज्याराज्यांत वेगळी, अनेक ठिकाणी दोन किंवा तीन वर्षं. कंपनीशी मेल चालू आहेत म्हणून मुदत थांबते असं बहुतेक ठिकाणी नसतं. बोलणी लांबत जातात आणि एक दिवस दावाच शिळा होतो.

भावाची भीती मी हलक्यात घेत नाही. वेळ जातो, मन शिणतं. पण यातले बरेच दावे निकालापर्यंत जातच नाहीत. पुरावा नीट राखलेला आहे आणि समोरच्याला मुदत ठाऊक आहे हे दिसलं की कंपन्या वेगळ्या सुरात बोलतात. अमेरिकेत इजेच्या दाव्यांचे वकील बहुधा मिळालेल्या भरपाईतून टक्केवारी घेतात, आधी फी मागत नाहीत. भारतात वकिलांना अशी टक्केवारी घ्यायची मुभा नाही, पण ग्राहक आयोगासमोर तुम्ही स्वतः उभं राहू शकता, तेही आई राहते तिथल्याच आयोगात. तरी त्वचारोपणापर्यंत गेलेल्या इजेत एकदा तरी या विषयातल्या वकिलाला भेटा, याच महिन्यात.

तोवर कंपनीला एवढंच लिहा: “आपला प्रस्ताव मिळाला. उपचार चालू असल्यामुळे सध्या कोणताही अंतिम करार करू शकत नाही. किटली आणि तिचे भाग आमच्याकडे सुरक्षित आहेत. दोन्ही बाजूंच्या उपस्थितीत तपासणीस आमची हरकत नाही. या मॉडेलबाबत आलेल्या तक्रारी, चाचण्यांचे अहवाल आणि या बॅचच्या उत्पादनाच्या नोंदी आपण जपून ठेवाव्यात, नष्ट करू नयेत.” शेवटचं वाक्य गाळू नका. नोटीस मिळाल्यावरही कंपनीनं कागद नष्ट केले, तर ते तिच्या अंगाशी येऊ शकतं.

आणि एक काम दाव्यापासून वेगळं, पण तितकंच निकडीचं. तुमच्या देशातल्या वस्तुसुरक्षेच्या यंत्रणेकडे अपघात नोंदवा. अमेरिकेत ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग आहे, युरोपात देशोदेशीच्या यंत्रणा धोकादायक वस्तूंबद्दलचे इशारे ‘सेफ्टी गेट’ या सामायिक व्यवस्थेवर टाकतात, भारतात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. हे मॉडेल एखाद्या देशात आधीच परत मागवलं गेलंय का हे ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या जागतिक यादीत शोधता येतं. सापडलं तर तुमच्या वकिलाचं अर्धं काम झालं. नाही सापडलं तरी नोंद करा, कारण त्याच साच्यातून निघालेल्या किटल्या आजही लोकांच्या हातात आहेत. नोंदवताना मॉडेल आणि बॅच क्रमांक तळाच्या लेबलवरून एकेक अक्षर पडताळून लिहा. कोणते नग परत मागवायचे हे त्यावरूनच ठरतं.